एकाच बागेची द्राक्षं, दोन लॅबचे दोन अहवाल: मॅन्कोझेब एकीकडे आहे, दुसरीकडे नाही, असं का?

जालना तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदाराने विचारलं आहे: काढणीआधी एकाच प्लॉटची द्राक्षं दोन प्रयोगशाळांना दिली. पहिलीने ‘डायथायोकार्बामेट, कार्बन डायसल्फाइड म्हणून ०.३८ मि.ग्रॅ./किलो’ असं लिहून दिलं (डायथायोकार्बामेट म्हणजे मॅन्कोझेब या बुरशीनाशकाचं घराणं) आणि कार्बेन्डाझिमपुढे ‘बीएलक्यू’, म्हणजे मोजता येणाऱ्या आकड्याच्या खाली, असं लिहिलं. दुसरीच्या अहवालात डायथायोकार्बामेटचं नावच नाही, उलट कार्बेन्डाझिम ०.०१४ दाखवलं आहे. त्यांचं म्हणणं असं की मॅन्कोझेब मारलंच नाही, कार्बेन्डाझिम तर दोन वर्षांत दुकानातून आणलं नाही. केवड्यासाठी मेटॅलॅक्झिलचं औषध एकदा आणि करप्यासाठी थायोफेनेट मिथाइल एकदा, एवढंच. मग दोघींपैकी चुकलं कोण?

तुम्ही दिलेल्या माहितीवरून बहुधा कोणीच चुकलेलं नाही. दोन्ही अहवाल एकाच वेळी खरे असू शकतात. खरा प्रश्न ‘कोणती लॅब खरी’ हा नसून ‘कोणत्या लॅबने नेमकं काय शोधलं’ हा आहे. बुरशीनाशकांचे सगळे अंश एकाच चाचणीत सापडत नाहीत. अहवालात एखादं नाव नाही याचा अर्थ फळात ते नाही असा होत नाही. ते शोधलंच नसेल, असंही असू शकतं.

आधी तुमच्या फवारणीकडे बघू. बाजारात मिळणारं मेटॅलॅक्झिलचं नेहमीचं मिश्रण मेटॅलॅक्झिल ८ टक्के आणि मॅन्कोझेब ६४ टक्के असं असतं. सायमोक्झॅनिलचंही तसंच, ८ आणि ६४. कार्बेन्डाझिमच्या मिश्रणात १२ आणि ६३. पुड्यावर मोठ्या अक्षरात कंपनीने दिलेलं नाव असतं, घटक बारीक अक्षरात. तुम्ही केवड्यासाठी जे मारलं त्यात बहुतेक भाग मॅन्कोझेबचाच असण्याची शक्यता मोठी आहे. पुडा टाकून दिला नसेल तर आजच वाचा.

दुसरी गोष्ट थायोफेनेट मिथाइलची. हा रेणू झाडावर, मातीत, पाण्यात आणि लॅबमधल्या अर्कातसुद्धा मोडून कार्बेन्डाझिम तयार होतो. बेनोमिलचंही तेच. म्हणून थायोफेनेट मारलेल्या बागेत कार्बेन्डाझिम सापडलं तर त्यात नवल काहीच नाही. फवारणीची वही लिहिताना औषधाच्या नावाबरोबर घटक आणि त्यांचे टक्के लिहा, नाहीतर अहवाल हातात आल्यावर तो समजायला आधार राहत नाही.

आता लॅबमध्ये काय होतं ते. बहुतेक लॅब ‘मल्टी रेसिड्यू’ म्हणून, म्हणजे एकाच वेळी अनेक औषधांचे अंश शोधणारी, जी चाचणी करतात ती क्वेचर्स पद्धतीची किंवा इथाइल अ‍ॅसिटेट अर्काची असते. क्वेचर्स २००३ मध्ये प्रसिद्ध झाली आणि युरोपात ती ईएन १५६६२ या मानकात आली. कृती साधी वाटते. बारीक केलेला १० ग्रॅम नमुना ५० मिलीच्या नळीत घ्यायचा, १० मिली अ‍ॅसिटोनायट्राइल टाकून एक मिनिट जोरात हलवायचं, मग ४ ग्रॅम निर्जल मॅग्नेशियम सल्फेट, १ ग्रॅम मीठ, १ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट आणि अर्धा ग्रॅम डायसोडियम हायड्रोजन सायट्रेट. लगेच हलवायचं, कारण मॅग्नेशियम सल्फेट पाणी ओढताना नळी गरम होते आणि उशीर झाला तर खालचं मीठ दगडासारखं बसतं. सेंट्रिफ्यूज केलं की वर अ‍ॅसिटोनायट्राइलचा थर येतो, औषधांचे अंश त्यात. त्या थरातल्या प्रत्येक मिलीला १५० मि.ग्रॅ. मॅग्नेशियम सल्फेट आणि २५ मि.ग्रॅ. पीएसए ही शोषक भुकटी टाकून आम्लं आणि साखर काढायची, मग एलसी-एमएस-एमएस किंवा जीसी-एमएस-एमएस या, रेणू वेगळे करून वजनावरून ओळखणाऱ्या यंत्रावर द्यायचं.

पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातून जी पद्धत द्राक्षांसाठी रूढ झाली ती इथाइल अ‍ॅसिटेटची. १० ग्रॅम नमुना, १० मिली इथाइल अ‍ॅसिटेट, १० ग्रॅम निर्जल सोडियम सल्फेट. साफ केलेला अर्क कोरडा करताना त्यात थोडं डायइथिलीन ग्लायकॉल ठेवतात, म्हणजे उडून जाणारे रेणू मागे राहतात. द्राक्षांसाठी दोन्ही पद्धती चालतात. या बाबतीत मला तरी एकीचा कैवार घेण्याचं कारण दिसत नाही.

सायट्रेट कशाला, हे समजून घेण्यासारखं आहे. कार्बेन्डाझिम थोडं अल्कधर्मी असतं. द्राक्षाच्या आंबट रसात त्यावर हायड्रोजनचा भार चढतो आणि ते वरच्या थरात यायचं सोडून पाण्यात बसून राहतं. सायट्रेटने सामू ५ ते ५.५ च्या आसपास धरला की ते वर येतं. लिंबासारख्या अति आंबट फळाला तेवढंही पुरत नाही, १० ग्रॅमला ५ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडचे ६०० मायक्रोलिटर द्यावे लागतात. शेवटी मात्र गरज उलटी होते. पीएसएमुळे अर्क अल्कधर्मी होतो आणि कॅप्टानसारखे रेणू त्यात तुटतात, म्हणून अर्क बाटलीत भरण्याआधी प्रत्येक मिलीला ५ टक्के फॉर्मिक आम्लाचे १० मायक्रोलिटर टाकतात. हे राहिलं आणि बाटली रात्रभर यंत्राच्या रांगेत पडली तर सकाळी कॅप्टान नाहीसं झालेलं असतं, आणि अहवालावर शांतपणे ‘आढळले नाही’ उमटतं.

या चाचणीत मॅन्कोझेब सापडत नाही. शोधणाऱ्याची चूक म्हणून नव्हे, रेणूच तसा आहे म्हणून. मॅन्कोझेब म्हणजे मँगनीज आणि जस्ताच्या अणूंनी जोडलेली लांब साखळी. ती अ‍ॅसिटोनायट्राइलमध्ये विरघळत नाही, इथाइल अ‍ॅसिटेटमध्येही नाही. शिवाय फळ मिक्सरमध्ये फिरवलं की आंबट रस लागताच ती तुटू लागते. म्हणून ‘आमच्या मल्टी रेसिड्यूमध्ये शेकडो औषधं येतात’ असं लॅबने सांगितलं तरी त्या शेकड्यांत मॅन्कोझेब, प्रोपिनेब, मेटिराम, झायनेब, झिराम, थायराम ही मंडळी धरू नका. त्यांच्यासाठी वेगळी चाचणी लागते आणि ती वेगळी मागावी लागते. तुमच्या दुसऱ्या लॅबला ती मागितली गेली नसावी.

ती चाचणी अशी: रेणू जसाच्या तसा पकडता येत नाही म्हणून तो मुद्दाम तोडायचा आणि त्यातून निघणारा कार्बन डायसल्फाइड मोजायचा. मणी मिक्सरला न लावता, शक्यतो गोठलेल्या अवस्थेतच कात्रीने किंवा सुरीने झटपट तुकडे करून सुमारे २५ ग्रॅम काचेच्या बाटलीत घेतात. त्यात २५ मिली आयसोऑक्टेन आणि हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवलेलं स्टॅनस क्लोराइड साधारण ७५ मिली. झाकण घट्ट लावून ८० अंशांच्या पाण्यात तासभर ठेवायचं आणि अधूनमधून हलवायचं. निघालेला वायू वरच्या आयसोऑक्टेनमध्ये मुरतो. मग बर्फात थंड करून तो थर जीसी-एमएसवर, वस्तुमान ७६ आणि ७८ या दोन खुणांवर तपासायचा. काही ठिकाणी वायू तांब्याच्या द्रावणात घेऊन पिवळा रंग ४३५ नॅनोमीटरवर मोजण्याची जुनी पद्धतही चालते. ती जास्त प्रमाणासाठी ठीक आहे, थोड्या प्रमाणासाठी जीसी-एमएसच बरी.

इथे चुका कुठे होतात ते नीट सांगतो, कारण ०.३८ वर विश्वास ठेवायचा की नाही ते यावर ठरतं. कार्बन डायसल्फाइड ४६ अंशांनाच उकळतो. झाकणाला बारीक फट असली किंवा बाटली पुरती थंड व्हायच्या आत उघडली, की तो हवेत जातो आणि आकडा कमी येतो. फळ आधी बारीक करून ठेवलं तरी आकडा कमी येतो. आकडा जास्त येण्याची कारणं वेगळी असतात: रबरी हातमोजे, रबरी बूच, पिशवीला बांधलेला रबरबँड. रबर पक्कं करताना वापरलेली रसायनं याच घराण्यातली असतात आणि आम्लात उकळली की तोच वायू देतात. कोबी, फुलकोबी, कांदा, लसूण आणि पपई यांच्यातून तर न फवारताही थोडा वायू येतो. द्राक्षाला मात्र तो बहाणा चालत नाही.

चांगली लॅब दर तुकडीबरोबर दोन गोष्टी चालवते. एक, न फवारलेल्या द्राक्षांचा कोरा नमुना. दुसरी, माहीत असलेलं थायराम टाकलेला नमुना, कारण थायराम विरघळतं, अचूक मोजून घालता येतं आणि त्याच्या प्रत्येक रेणूमागे कार्बन डायसल्फाइडचे दोन रेणू निघतात. टाकलेल्यापैकी ७० ते १२० टक्के परत मिळालं तर पद्धत त्या दिवशी नीट चालली असं मानतात. हे दोन आकडे लॅबला विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. कोऱ्या नमुन्यात काही न येता थायराम नीट परत आलं असेल, तर ०.३८ हा आकडा मी मान्य करीन.

त्या ०.३८ चा अर्थही समजून घ्या. हा मॅन्कोझेबचा आकडा नव्हे, त्यातून निघालेल्या वायूचा आहे. मॅन्कोझेबमध्ये बदलायचा तर साधारण १.७८ ने गुणा, म्हणजे ०.६८ मि.ग्रॅ./किलोच्या आसपास. थायराम असतं तर गुणक १.५८ झाला असता. वायू कोणाकडून आला हे या चाचणीतून कळत नाही, म्हणूनच अहवालावर ‘मॅन्कोझेब’ न लिहिता ‘डायथायोकार्बामेट, कार्बन डायसल्फाइड म्हणून’ असं लिहितात. फळातल्या अंशाची कायदेशीर मर्यादाही बहुतेक ठिकाणी त्याच रूपात दिलेली असते, तेव्हा तुलना करताना सारखंच सारख्याशी लावा. कोणी ०.६८ मर्यादेशेजारी ठेवून घाबरवत असेल तर आधी विचारा, ती मर्यादा कशाच्या रूपात आहे? अल्कधर्मी ईडीटीए द्रावणात अर्क काढून मिथाइल जोडून घराणी वेगळी ओळखण्याच्या पद्धती आहेत, पण त्या रोजच्या कामाच्या नाहीत.

आता कार्बेन्डाझिम: एकीकडे बीएलक्यू, दुसरीकडे ०.०१४. हा फरक दिसतो तेवढा मोठा नाही. बीएलक्यू म्हणजे ज्या आकड्याखाली लॅब खात्रीने मोजू शकत नाही त्याच्या खाली. फळांच्या अवशेषांसाठी हा आकडा बहुतेक वेळा ०.०१ मि.ग्रॅ./किलो असतो. एवढं म्हणजे किती? १०० टन द्राक्षांत १ ग्रॅम. अशा आकड्यांना युरोपीय प्रयोगशाळांचा मार्गदर्शक दस्तऐवज ±५० टक्के अनिश्चितता गृहीत धरतो. म्हणजे ०.०१४ हा आकडा ०.००७ ते ०.०२१ च्या दरम्यान कुठेही असू शकतो. पहिलीला ०.००९ दिसलं असेल तर तिने नियमाप्रमाणे बीएलक्यूच लिहिलं. दोघी एकाच गोष्टीकडे बघताहेत.

दुसरीने ते ‘कार्बेन्डाझिमच’ कशावरून म्हटलं, हेही तपासता येतं. यंत्र रेणूचं वजन पकडतं, तो फोडतं आणि तुकडे बघतं. कार्बेन्डाझिम १९२ वर येतं आणि १६० व १३२ हे तुकडे देतं. दोन्ही तुकडे एकाच वेळी यायला हवेत, यंत्रातून बाहेर येण्याची वेळ शुद्ध नमुन्याच्या वेळेपासून ०.१ मिनिटापेक्षा सरकता कामा नये आणि दोन तुकड्यांचं प्रमाण शुद्ध नमुन्याच्या प्रमाणापासून ३० टक्क्यांच्या आत असायला हवं. एकच तुकडा दिसला असेल तर ती ओळख कच्ची. शंका असेल तर ‘क्रोमॅटोग्राम’ (यंत्राने काढलेला आलेख) ‘दाखवा’ म्हणा, प्रामाणिक लॅब दाखवते. प्रमाण काढण्यासाठी लागणारी रेष न फवारलेल्या द्राक्षांच्या अर्कात बनवलेली आहे ना, हेही विचारा. नुसत्या सॉल्व्हंटमध्ये बनवली असेल तर फळातली साखर आणि रंग यंत्राचा संकेत दाबतात आणि आकडा कमी येतो.

या सगळ्याआधी एक मोठी शक्यता राहते, ती म्हणजे तुमचे दोन नमुने सारखे नव्हतेच. फरकांपैकी पुष्कळ फरक इथे शेतात पडतो, यंत्रावर नाही. मंडपात आतल्या घडाला आणि कडेच्या घडाला सारखं औषध बसत नाही. ब्लोअर वळतो त्या टोकाला दुप्पट बसतं. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्न मानकांच्या नमुना पद्धतीत द्राक्षांसाठी कमीत कमी ५ घड आणि २ किलो सांगितले आहेत, पण तो खालचा आकडा आहे. स्वतःच्या माहितीसाठी नमुना काढताना कडेच्या दोन ओळी सोडा, नागमोडी चालत पूर्ण प्लॉटमधून १२ ते १५ घड घ्या, आतले, बाहेरचे, सावलीतले, उन्हातले. पूर्ण घड कापा, मणी खुडू नका. दोन लॅबना पाठवायचे असतील तर प्रत्येक झाडाचे दोन घड घ्या, एक एका पिशवीत, एक दुसरीत. एका पिशवीत पूर्वेची बाजू आणि दुसरीत पश्चिमेची, असं झालं तर तुलना संपली.

धुवायचं नाही, पुसायचं नाही. मर्यादा न धुतलेल्या फळावर लागू असते. मोसंबी असेल तर सालीसकट तपासतात, डाळिंबाचंही तसंच. अंबड-पैठणकडच्या कितीतरी बागायतदारांना वाटतं की साल कोण खातं, पण आकडा पूर्ण फळाचाच धरला जातो आणि सालीत अंश गरापेक्षा जास्त असतात. डिंक्यासाठी फोसेटिल अ‍ॅल्युमिनियम वापरत असाल तर तेही मल्टी रेसिड्यूत येत नाही. ते आणि त्यातून होणारं फॉस्फोनिक आम्ल फार पाणीप्रिय असतात, त्यांना आम्लयुक्त मिथेनॉलच्या वेगळ्या अर्काची चाचणी लागते. विद्राव्य खतांतली पोटॅशियम फॉस्फोनेटंही तिथे त्याच आम्लाच्या रूपात सापडतात.

पिशवी नवी, स्वच्छ प्लास्टिकची. औषधाच्या किंवा खताच्या खोलीत ठेवलेली नको, कारण मॅन्कोझेबची पिवळी भुकटी कणभर लागली तरी पुरते. तोंडाला रबरबँड नको, सुतळी किंवा चिकटपट्टी चालेल. फवारणीच्या हातांनी किंवा रबरी मोजे घालून घड तोडू नका. फेब्रुवारी-मार्चमध्ये दुपारी इथे ऊन काय असतं ते सांगायला नको, म्हणून सकाळी तोडा, सावलीत ठेवा आणि थर्माकोलच्या पेटीत बर्फाच्या जेल पिशव्यांसह त्याच दिवशी पाठवा. बर्फाचं पाणी घडांना लागणार नाही याची काळजी घ्या. फळ चिरडून रस सुटला की डायथायोकार्बामेट मोडायला वाटेतच सुरुवात होते. निर्यातीसाठी मात्र तुम्ही नेलेला नमुना धरला जात नाही. अपेडा या केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट व्यवस्थेत मान्य लॅबचा माणूस स्वतः बागेतून नमुना काढतो.

तुमचा आकडा चालेल की नाही, याचं उत्तर माल कुठे जाणार यावर आहे, आणि म्हणून सरळ ‘हो’ म्हणणं मला योग्य वाटत नाही. युरोपीय संघाने २०२० मध्ये मॅन्कोझेब आणि थायोफेनेट मिथाइल दोन्हींच्या मंजुरीचं नूतनीकरण नाकारलं. असं झालं की पुढे मर्यादा खाली येत जातात, आणि जिथे वेगळी मर्यादा नाही तिथे ०.०१ लागू होते. आपल्याकडे एफएसएसएआयच्या (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) नियमांतही वेगळी मर्यादा नसलेल्या औषधाला फळांसाठी ०.०१ च धरतात. मुंबईच्या किंवा दिल्लीच्या बाजारात जायचं असेल तर एफएसएसएआयचा तक्ता, युरोपला जायचं असेल तर या हंगामाचा निर्यातदाराकडचा तक्ता समोर ठेवा, मागच्या वर्षीचा नाही. युरोपसाठीच असेल तर ०.०१४ कार्बेन्डाझिमपेक्षा मला ०.३८ ची जास्त काळजी वाटते. अनिश्चितता धरून तो ०.१९ ते ०.५७ मध्ये कुठेही असू शकतो, पण शून्याच्या जवळ नक्की नाही.

आता पुढचं काम. दुसऱ्या लॅबला फोन करून विचारा की नमुन्याचा राखीव भाग उणे २० अंशांवर गोठवलेला आहे का, आणि तो अखंड मण्यांचा आहे की बारीक केलेला. मणी अखंड गोठवलेले असतील तर त्यावर डायथायोकार्बामेटची चाचणी मागा. बारीक केलेला असेल तर मागू नका, कमी आकडा येईल आणि खोटा दिलासा मिळेल. त्यापेक्षा वर सांगितल्याप्रमाणे नवा नमुना द्या. अर्जावर ‘मल्टी रेसिड्यू आणि डायथायोकार्बामेट वेगळी’ असं स्वतःच्या हाताने लिहा. त्या लॅबचं एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) प्रमाणपत्र नुसतं आहे एवढ्यावर थांबू नका, त्याला जोडलेल्या व्याप्तीच्या यादीत ‘डायथायोकार्बामेट, द्राक्ष’ ही ओळ आहे का ते बघा. प्रमाणपत्र संस्थेला नव्हे, त्या यादीतल्या एकेका चाचणीला असतं. आणि नवा अहवाल आला की त्यात चाचणीची पद्धत, खालची मोजमर्यादा आणि कशाच्या रूपात आकडा दिला आहे या तीन गोष्टी लिहिलेल्या नसतील, तर पैसे देण्याआधी लिहून घ्या.